एका शब्दाला एकच अर्थ

आधी माफी मागतो. मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि आमच्याकडे लिहिणं म्हणजे तलाठ्याकडे द्यायचा अर्ज. एखाद्या माणसाचं चित्र शब्दांत काढायचं तर काढणाऱ्याचा हात तयार असावा लागतो, तसा माझा नाही. शिवाय सरांबद्दल लिहायचं तर त्यांच्या बरोबरीच्या माणसांनी लिहावं. पण ती माणसं लिहीत नाहीत. सरांचा विषय निघाला की ती हसतात आणि म्हणतात, "ते स्फोटवाले ना?" आणि चहा मागवतात. म्हणून भीत भीत मीच लिहायला बसलो आहे. सरांचं नाव लिहीत नाही. नाव वाचलं की लोक काम वाचायचं सोडतात, असं त्यांचंच मत होतं.

सरांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य होतं, "तेल लावून आलास?"

मी शिरपूरकडचा. एम.टेक.ला बडोद्याला प्रवेश मिळाला म्हणून निघालो तेव्हा आईने डोक्यावर खोबरेल असं थापलं होतं की बसच्या खिडकीला डोकं टेकवलं तिथे डाग पडला. तसाच कॉलेजच्या मागच्या कोपऱ्यातल्या जुन्या बॉयलरघरापाशी गेलो. तिथे सरांची चाचणीची खोली होती. दारात डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट घातलेला, एका कानात कापसाचा बोळा असलेला उंच माणूस उभा होता. मी वाकून नमस्कार करायला गेलो तर तो दोन पावलं मागे सरला.

"हो सर. आईने लावलं."

"आईचं बरोबर आहे. पण आत ऑक्सिजन आहे आणि ऑक्सिजनचं आणि तेलाचं जमत नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनला जरासं तेल लागलं तर काडी लावायची गरज नाही, ते आपलं आपण पेटतं. जा, डोकं धुऊन ये. दोनदा धू."

बडोद्यासारख्या गावात हा नियम पाळणं किती अवघड आहे ते मला पुढे कळलं. तिथे सकाळ उजाडते फाफड्यावर आणि संध्याकाळ मावळते सेव-उसळीवर. सर रोज सकाळी शाळामास्तरांसारखे सगळ्यांचे हात तपासायचे. हसमुखभाई हे आमचे तंत्रज्ञ. सिलेंडर जोडणं, नळ्या बसवणं हे त्यांचं काम. ते नेहमी पकडले जायचे.

"हाथ बतावो," सर म्हणायचे.

"साबूथी धोया, साहेब."

सर हात नाकाशी न्यायचे. "आ शुं छे?"

"मरचुं छे, साहेब. मरचामां तेल क्यां होय?"

"तळेलुं मरचुं?"

हसमुखभाई परत नळाकडे जायचे.

सरांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. पणजोबा तोफखान्यात होते असं ते सांगायचे. "आमच्या घरात धडाका नवीन नाही," असं म्हणून ते स्वतःच हसायचे. ते रावपुऱ्यात एका साध्या फ्लॅटमध्ये राहायचे, स्कूटरच्या डिकीत पान्यांच्या शेजारी एक दाबमापक कायम असायचा, आणि कुणी विचारलं, "सर, हे कशाला?" तर म्हणायचे, "तुझ्या खिशात फोन कशाला?" कानातला कापूसही एकाच कानात असायचा. दुसऱ्या कानात का नाही, असं मी एकदा विचारलं. "एक कान वाचवायचा, एक कामाला ठेवायचा," असं ते म्हणाले. वाचवलेला कान डावा होता. त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं तर उजवीकडून बोलावं लागे आणि ओरडून बोलावं लागे, कारण कामाला ठेवलेला कान बराचसा गेलेला होता.

इंजिन म्हणजे काय ते त्यांनी मला त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर शिकवलं. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, वरण वाढलं होतं आणि सर आत जाऊन स्टीलचे दोन डबे घेऊन आले. मोठ्या डब्यात लहान डबा उभा ठेवला.

"अहो, त्यात पोहे होते," काकू म्हणाल्या.

"पोहे पातेल्यात आहेत. हं, बघ. दोन डब्यांच्या मधे ही अरुंद फट आहे ना, हे आपलं इंजिन. वरून हायड्रोजन येतो, ऑक्सिजन येतो, दोन्ही या फटीत मिसळतात. साध्या रॉकेटमध्ये ते नुसते जळतात. शेगडीसारखे. आपल्याला जळायला नको आहे. आपल्याला या फटीत एक धक्का सोडायचा आहे, आवाजाहून कितीतरी वेगाने पळणारा, आणि तो असा गोल गोल फिरत राहिला पाहिजे. पुढे ताजा वायू, मागे जळालेला. तो एक फेरी करून येईपर्यंत पुढे परत ताजा वायू भरलेला. तेवढ्याच इंधनातून जास्त ढकल मिळते."

"गरब्यासारखं," मी धीर करून म्हणालो.

सरांनी डबे बाजूला केले. "हे सगळे म्हणतात. बडोद्यात कुणालाही गोल दाखवला की त्याला गरबा दिसतो. गरब्यात माणसं फिरतात. इथे वायू फिरत नाही, तो खाली निघून जातो. फिरतो तो धक्का. लक्षात ठेव, नाहीतर परीक्षेत गरबा लिहून येशील."

मग त्यांनी डब्याभोवती सारख्या अंतरावर तीन वाट्या मांडल्या. एक आमटीची, एक ताकाची, एक रिकामी. बाहेरच्या भिंतीवर असे तीन सेन्सर असतात, ते म्हणाले. धक्का जाताना प्रत्येकाला टोला बसतो. एक, दोन, तीन, परत एक, दोन, तीन असे टोले आले तर तो फिरला. तिन्हींना एकदम बसले तर नुसतं जळलं. आणि क्रमच लागत नसेल तर दोन धक्के समोरासमोरून येऊन एकमेकांवर आपटताहेत.

"मग आत्तापर्यंत काय झालंय सर?"

"आमटी, ताक, रिकामी सगळं एकदम," काकूच म्हणाल्या. "गेली कित्येक वर्षं."

सर रागावले नाहीत. "बरोबर आहे तिचं," म्हणाले, आणि जेवू लागले.

मी घरी फोन केला तेव्हा वडिलांनी विचारलं, "काय बनवतोस तिथे?"

"रॉकेटचं इंजिन."

"उडतं का?"

"नाही दादा. जमिनीला बांधून ठेवतात. उडू नये म्हणून."

वडील म्हणाले, "मग ते रॉकेट कसं म्हणायचं?" हे मी सरांना सांगितलं तेव्हा ते मनापासून खूश झाले. "तुझ्या वडिलांना नीट कळलंय. शब्द वापरायच्या आधी ते विचारतात," असं म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी मला 'खानदेश' अशी हाक मारायला सुरुवात केली.

शब्दांवरून आठवलं. सरांच्या स्वभावातलं सगळ्यात विचित्र वाटेल असं जे काही होतं, ते शब्दांचंच होतं, आणि त्याची सुरुवात माझ्यासमोर झाली.

माझा तिथला पहिलाच आठवडा होता. त्या दिवशी इंजिन पेटवायचं नव्हतं, फक्त हायड्रोजनची नळी तपासायची होती. सर काचेपलीकडे मापकांसमोर होते. मी अलीकडे, हाताने फिरवायच्या व्हॉल्व्हपाशी. हसमुखभाई दाराशी. काटा भराभर वर जायला लागला असावा, कारण सर काच वाजवून ओरडले, "वास! वास!"

आता मी खानदेशातला. वास म्हटलं की आम्ही नाक पुढे करतो. मी वाकून नळीच्या जोडाला नाक लावलं, डावीकडून उजवीकडून हुंगलं आणि प्रामाणिकपणे ओरडून सांगितलं, "सर, वास येत नाही!"

"अरे वास! लवकर वास!"

"नाही येत सर!"

हसमुखभाई मला ढकलून पुढे आले आणि त्यांनी व्हॉल्व्ह बंद केला.

सर बाहेर आले. चेहरा पांढरा पडलेला. "हायड्रोजनला वास नसतो रे बाबा," ते म्हणाले. "मी तुला तो वासायला सांगत होतो."

"म्हणजे उघडायला?"

"उघडायला?"

मला वाटलं, तोंड वासणे म्हणजे उघडणेच की. तोंड वासून काय बघतोस असं माझी आई दिवसातून एकदा तरी मला म्हणायची. आणि गुजरातीत बारणुं वासी दो म्हणजे दार लावून घे. सरांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या 'दार वास' म्हणजे दार बंद कर. बडोद्याच्या मराठीत गुजराती अशी मिसळून गेली आहे की कुठला शब्द कुणाचा हे त्यांनाही सांगता येत नाही. म्हणजे त्या एका शब्दाचे एकाच खोलीत तीन अर्थ होते. बंद कर, उघड, आणि हुंग. मी त्यातल्या त्यात निरुपद्रवी अर्थ घेतला होता. दुसरा घेतला असता, तर मी व्हॉल्व्ह आणखी उघडला असता आणि हे लिहायला बसलो नसतो.

सर जिन्याच्या पायरीवर बसले आणि हसायला लागले. हेल्मेट काढून हसले, तेही पहिल्यांदाच. मग एकदम हसायचे थांबले आणि त्यांनी खडू घेऊन भिंतीवर लिहिलं, 'या खोलीत एका शब्दाला एकच अर्थ.'

त्या दिवसापासून आमच्या खोलीची वेगळीच भाषा तयार झाली. बंद म्हणजे बंद. खुला म्हणजे खुला. 'वास' वर बंदी. 'थोडं' वर बंदी, कारण माझं थोडं आणि हसमुखभाईंचं थोडं वेगळं. 'जरा' वर बंदी. 'हां' वरसुद्धा, कारण हसमुखभाई ऐकू आलं तरी हां म्हणायचे आणि पटलं तरी हां म्हणायचे. त्यांना हे फार जड गेलं. काही दिवस ते हां तोंडात आला की खोकायचे.

पण सगळ्यात कडक बंदी होती 'चालेल' या शब्दावर.

"हा शब्द मला इंजिनाबद्दल ऐकायचा आहे," सर म्हणायचे. "इंजिन चालेल. पण आपल्याकडे तो सगळ्याला वापरतात. सील जुनं आहे, चालेल. भोक वाकडं पडलंय, चालशे. सेन्सर सैल आहे, चालशे, साहेब, चालशे. आणि एवढं सगळं चाललं की मग इंजिन चालत नाही."

आमचं काम कसं चालायचं ते थोडं सांगतो. इंजिन प्रत्यक्षात पेटायचं ते डोळा मिटून उघडेपर्यंतच. त्याहून जास्त वेळ पेटलं तर तांब्याची भिंत वितळेल. पण त्या क्षणभरासाठी तयारीला दिवस जायचा. सर पेटवायच्या वेळी पडद्याकडे पाठ करून उभे राहायचे. आमच्या आणि इंजिनाच्या मधे जी जाड भिंत होती तिच्यावर उजवा तळवा टेकवायचे आणि डोळे मिटायचे. आम्ही सगळे पडद्याला चिकटलेले, आणि ज्यांचं इंजिन ते भिंतीशी, गाभाऱ्याबाहेर उभे असल्यासारखे. मी विचारलं तर म्हणाले, "पडद्यावरचं नंतर बघता येतं. हात नंतर लावता येत नाही."

मग जळालेल्या सीलचा वास, पाण्याची वाफ, आणि आलेखावर तिन्ही रेघा एकदम वर. सर म्हणायचे, "उत्तर आलं." वाईट उत्तरही त्यांच्या लेखी उत्तरच. मग एकच गोष्ट बदलायची. भोकांचा कोन, किंवा फटीची रुंदी, किंवा दाब. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कुठलीमुळे काय झालं ते कळत नाही. मी तरुण होतो, मला घाई होती, डिग्रीची मुदत जवळ येत होती. "सर, दोन्ही बदलू या ना." "नाही." तेवढंच. कारण दिलं नाही, आवाज चढवला नाही. मी शेकडो वेळा इंजिन खोललं आणि लावलं असेल. सरांना कंटाळलेलं मी पाहिलं नाही. थकलेलं पाहिलं. घरी जाताना स्कूटरला किक मारायला त्यांना दोनदा थांबावं लागे. पण सकाळी परत दारात, हेल्मेट घालून, "हाथ बतावो."

हळूहळू आलेख बदलायला लागले. तिन्ही रेघा एकदम वर जाणं थांबलं. वेगवेगळे टोले दिसू लागले, पण त्यांना क्रम नव्हता. म्हणजे आता दोन धक्के होते, समोरासमोरून पळणारे आणि आपटणारे. सरांनी त्या दिवशी सगळ्यांना सेव-उसळ खाऊ घातली आणि नंतर स्वतः सगळ्यांचे हात धुऊन घेतले.

त्याच सुमारास कळलं की बॉयलरघराच्या जागी सेमिनार हॉल करायचं ठरत आहे. एक समिती येऊन चाचणी बघणार होती. इंजिन चाललं असं तिला दिसलं तर खोली राहणार, नाहीतर जाणार. खोली गेली तर सरांचं काम संपणार, कारण ते निवृत्तीला आले होते आणि दुसरी खोली त्यांना कुणी देणार नव्हतं. माझाही प्रबंध त्याच इंजिनावर होता.

समितीच्या दिवशी हसमुखभाईंनी नारळ आणला. सरांनी तो फोडू दिला, पण फाटकाबाहेर. "खोबऱ्यात तेल असतं," म्हणाले. समितीचे अध्यक्ष हसले, त्यांना विनोद वाटला.

सर भिंतीशी गेले. तळवा टेकवला. मी बटण दाबलं.

इतका मोठा आवाज आम्ही त्याआधी ऐकला नव्हता. टोकातून सरळ, स्वच्छ, फिकट ज्वाला आली आणि विझली. वाफेचा ढग बाहेरच्या आंब्यापर्यंत गेला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. "सरस! चाल्युं, साहेब, चाल्युं!" अध्यक्षांनी सरांचा हात हातात घेतला. सरांचा दुसरा हात अजून भिंतीवरच होता. त्यांचा चेहरा बघून मला कळलं की हाताने त्यांना उत्तर आधीच सांगितलं आहे.

मी आलेख पडद्यावर आणला. टोले होते, मोठे होते, पण क्रम नव्हता.

"हे फिरलं नाही," सर म्हणाले. "आपटलं. दोन धक्के आपटले."

अध्यक्ष अजून हसत होते. "आटलो अवाज आव्यो, ज्वाळा आवी, ने तमे कहो छो नथी फर्युं?"

"अवाज तो फटाकडानो पण आवे."

आमचे विभागप्रमुख मराठी होते, सरांचे जुने सहकारी. ते पुढे झाले आणि सरांच्या उजव्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, म्हणाले, "अहो, तुम्ही फक्त 'प्राथमिक यश' एवढे दोन शब्द म्हणा. पुढचं मी बघतो. खोली वाचेल. पोराची डिग्री वाचेल. चालेल ना?"

हसमुखभाईंनी माझ्याकडे पाहिलं. तो शब्द खोलीत उच्चारला गेला होता. मी मनात म्हणत होतो, म्हणा सर. दोनच शब्द आहेत. म्हणून टाका.

सरांनी हेल्मेट काढलं. "यश हा शब्द मी फिरण्यासाठी ठेवलाय," ते म्हणाले. "तो याला वापरला, तर ज्या दिवशी फिरेल त्या दिवशी मी काय म्हणू?"

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. "आवजो, आवजो," करत सगळे गेले.

वाफेचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. सर माझ्याजवळ आले. "रागावलास?"

"नाही सर."

"एका शब्दाला एकच अर्थ, खानदेश."

"हो सर. रागावलोय."

"बरोबर आहे. राहू दे राग. तुझा प्रबंध 'इंजिन का फिरत नाही' यावर लिही. त्यावर तुझ्याइतकं कुणालाही माहीत नाही. माझ्यासकट."

मी लिहिला, आणि तो पास झाला. परीक्षक म्हणाले की चुका इतक्या स्वच्छ लिहिलेल्या त्यांनी फारशा पाहिल्या नाहीत. मला ते कौतुक आहे की काय ते तेव्हा समजलं नाही.

बॉयलरघर पडलं. सर निवृत्त झाले. मला वाटलं, संपलं. निरोप घ्यायला रावपुऱ्यात गेलो तर टेबलावर पुन्हा तेच डबे. त्यांचा एक जुना विद्यार्थी मकरपुऱ्यात दाबाच्या टाक्या बनवायचा. टाक्या फुटतात का हे बघायला त्याच्या कारखान्याच्या मागे जाड भिंतींचा एक खड्डा होता. तो त्याने सरांना रविवारी वापरायला दिला होता.

"एकटे कसं करणार सर?"

"हसमुखभाई येतात. आता तर हां सुद्धा म्हणत नाहीत."

काकू आतून म्हणाल्या, "रविवार मला सुटला एवढंच."

मी पुण्याला पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला लागलो. सरांचा फोन महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. नेहमी एकच गोष्ट सांगायचे, या वेळी काय बदललं ती. फट अरुंद केली. कोन परत पहिल्यासारखा केला. भोकांची संख्या वाढवली. काय झालं हे मी विचारलं तर "उत्तर आलं" म्हणायचे. मध्ये त्यांना डोळ्यांचं ऑपरेशन करावं लागलं. त्या काळात फोन आले नाहीत, आणि मला वाटलं, आता मात्र खरंच थांबले. मग एका सोमवारी पहाटे फोन आला, "खानदेश, ऑक्सिजनचा दाब बदललाय."

मागच्या महिन्यात मला त्यांच्याकडून एक फाइल आली. मेलला विषय नाही, मजकूर नाही. फक्त तीन रेघा.

मी कारखान्यात होतो. जेवणाची सुट्टी होईपर्यंत उघडली नाही. मग डबा बाजूला ठेवून उघडली. बघितली. पहिल्यांदा मला वाटलं, मला जे बघायचं आहे तेच मी बघतोय. म्हणून छापून काढली, पट्टी लावली आणि प्रत्येक टोल्यावर पेन्सिलने सेन्सरचा आकडा लिहीत गेलो. सुरुवातीला गोंधळ होता. दोन धक्के आपटत होते, नेहमीसारखे. मग एक दुसऱ्याला खाऊन टाकत असल्यासारखा मोठा होत गेला, दुसरा विझला, आणि तिथून पुढे कागद संपेपर्यंत एकच क्रम. शेजारच्या टेबलावरच्या मुलाला, ज्याला यातलं काही माहीत नव्हतं, मी पेन्सिल न लावलेला दुसरा छापील कागद दिला आणि म्हणालो, उंच शेंडे ज्या क्रमाने येतात तसे आकडे लिही. त्याने लिहिले. दोन्ही कागद जुळवले आणि मग सरांना फोन लावला.

काकूंनी उचलला. "तूच का? बरं झालं. थांब हां, देते. चार घास नीट जेवत नाहीयेत हे."

"बोल," सर म्हणाले. आवाज अगदी सपाट.

"सर, फाइल बघितली."

"काय दिसतं?"

"सर, तुम्ही नाही बघितली?"

"बघितली. हसमुखभाईंनी पण बघितली, ते नाचताहेत. मी काय बघितलं ते सांगणार नाही. इतकी वर्षं मला हेच दिसायला हवं होतं रे, म्हणून माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही. तू सांग. सावकाश सांग."

मी कागद समोर धरला. "सुरुवातीला आपटतंय सर. मग एक धक्का उरतो. तो एक, दोन, तीन असा जातो. परत एक, दोन, तीन. एकही टोला चुकलेला नाही. मी एकट्याने नाही वाचलं, दुसऱ्याकडूनही वाचून घेतलं. त्याला काही सांगितलं नव्हतं."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत सर. इंधन बंद होईपर्यंत."

मी दोनदा "सर" म्हटलं. मग कळलं की त्यांनी फोन टेबलावर ठेवला आहे, कारण खुर्ची सरकली आणि त्यांचा आवाज लांबून, स्वयंपाकघराच्या दिशेने गेला.

"अगं ऐकलंस का? इंजिन फिरलं. पुण्याहून पोराने वाचून सांगितलं."